समारची खिंड

'खिंड लढवणे' हा वाक्प्रचार मराठीत इतका रुळला आहे की साहेब रजेवर असताना दोन दिवस एकट्याने टेबल सांभाळणाऱ्या कारकुनालाही आपण तो लावतो. वापरून वापरून शब्द गुळगुळीत झाला, तरी त्याच्या पोटातला हिशेब अजून शाबूत आहे. जुलै १६६० मध्ये घोडखिंडीत बाजीप्रभू थांबले ते एका नेमक्या कामासाठी: महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत पाठलागावरचे सैन्य अडवून धरायचे. गडावरून तोफांचे बार झाले की काम फत्ते, ही खूणही परंपरेने त्या कथेत जपून ठेवली आहे. ते बार कथेतून काढून टाकले तर मागे उरते ती कत्तल. खिंड लढवणाऱ्याच्या मरणाला अर्थ येतो तो त्याच्या पाठीमागच्या वाटेवर काय चालले होते यावरून. त्यामुळे अशा लढाईची हकीकत सांगताना घाव किती झेलले एवढे मोजून भागत नाही. तेवढ्या वेळात कोण कुठे पोचले, हेही विचारावे लागते.

समुद्रावर हा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण तिथे खिंडच नसते. दोन्ही बाजूंना कडे नाहीत, पाऊलवाट नाही, तिच्या तोंडाशी पाय रोवून उभे राहण्याजोगा खडक नाही. बलाढ्य शत्रूने दहा मैलांचा वळसा घालायचे ठरवले तर त्याला कोण अडवणार? लहान जहाज मोठ्या जहाजाची वाट अडवू शकत नाही. फार तर त्याचे लक्ष अडवू शकते, त्याची रांग विस्कटू शकते, त्याच्या सेनापतीच्या मनात शंका पेरू शकते. थोडक्यात, समुद्रावरची खिंड शत्रूच्या डोक्यात तयार करावी लागते. पुढील पानांत जिची हकीकत आहे ती लढाई याचे मला माहीत असलेले सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. २५ ऑक्टोबर १९४४ च्या सकाळी, फिलिपिन्समधल्या समार बेटाच्या पूर्वेला, ती जेमतेम अडीच तास चालली. (बेटाच्या नावात 'समर' ऐकू येतो, तो योगायोग.) तिच्याबद्दल बरेच लिहिले गेले आहे, आणि त्यातले बहुतेक लेखन अचाट धैर्याच्या कौतुकाने भारावलेले आहे. ते कौतुक मला नाकारायचे नाही. पण धैर्य अचाट होते एवढे म्हणून थांबले की ती माणसे त्या सकाळी नेमके काय करत होती हेच नजरेआड होते. ती वेळ विकत घेत होती, आणि घासाघीस करून घेत होती.

लढाईच्या आधीचा पट थोडक्यात मांडायला हवा. २० ऑक्टोबरला मॅकआर्थरच्या अमेरिकन फौजा लेटे बेटावर उतरल्या. फिलिपिन्स हातचे गेले तर आग्नेय आशियातून येणारे तेल तुटेल, आणि तेलावाचून आरमार नुसते धक्क्याला बांधून ठेवण्याच्या लायकीचे राहील, हे जपानला पक्के ठाऊक होते. म्हणून उरलेसुरले सगळे आरमार एकाच डावावर लावले गेले. ओझावाच्या विमानवाहू नौका उत्तरेकडून आमिष म्हणून येणार. हॅल्सीचा बलाढ्य तिसरा ताफा त्यांच्यामागे लागला की कुरिताच्या प्रचंड युद्धनौका सान बेर्नार्दिनोच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडून समारच्या किनाऱ्याने खाली येणार, आणि लेटेच्या आखातातल्या उतरण-ताफ्यावर तुटून पडणार. कुरिताची सुरुवात वाईट झाली. २३ तारखेला पाणबुड्यांनी त्याचे निशाणाचे जहाज 'अटागो' बुडवले आणि त्याला स्वतःला पोहून जीव वाचवावा लागला; २४ ला विमानांनी 'मुसाशी' ही महाकाय युद्धनौका बुडवली. तो मागे वळला, पण अंधार पडता पडता पुन्हा पुढे निघाला. दरम्यान हॅल्सी आमिषाला भुलून सगळा ताफा घेऊन उत्तरेला गेला, आणि सामुद्रधुनीच्या तोंडावर राखणीला एक होडीसुद्धा राहिली नाही. आखाताची जबाबदारी असलेल्या किंकेडची समजूत अशी, की हॅल्सीने मोठ्या युद्धनौकांचे एक दल तिथे ठेवले आहे. हॅल्सीने ते दल उभारण्याचा बेत तेवढा कळवला होता.

सकाळी सातच्या सुमारास या गैरसमजाची किंमत ज्यांच्यासमोर क्षितिजावर उगवली, ते होते रिअर ॲडमिरल क्लिफ्टन स्प्रेग यांचे छोटे दल. रेडिओवरचे त्याचे नाव 'टॅफी-३'. सहा लहान विमानवाहू नौका, तीन विनाशिका आणि चार त्याहूनही छोट्या रक्षक विनाशिका. विमानवाहू म्हटले की डोळ्यांसमोर जे येते तसे हे काही नव्हते. हेन्री कायझरच्या कारखान्यात वर्षभराच्या आसपास अशी पन्नास जहाजे पाडली गेली होती. वेग अठरा-एकोणीस नॉट, चिलखत नावाला, आणि पिछाडीला पाच इंची तोफ एकच. त्यांचे काम पायदळाला हवाई मदत देणे आणि पाणबुड्या शोधणे. सीव्हीई या त्यांच्या अधिकृत आद्याक्षरांचा खलाशांनी लावलेला अर्थ होता: पेट घेणारी, सहज फुटणारी, गेली तरी चालणारी. समोर कुरिताकडे चार युद्धनौका, सहा जड क्रूझर, दोन हलक्या क्रूझर आणि अकरा विनाशिका. त्यांतली 'यामाटो' जगातली सर्वांत मोठी युद्धनौका. टॅफी-३ ची तेराही जहाजे एका पारड्यात टाकली तर ती एकटी जवळपास त्यांच्या बरोबरीला येईल. तिच्या मुख्य तोफेचा एक गोळा सुमारे १,४६० किलोचा, तर अमेरिकन विनाशिकेच्या तोफेचा सुमारे पंचवीस किलोचा. दोन्ही बाजूंचे सामर्थ्य मोजताना मी आणखी आकडे देणार नाही, एवढे पुरेत.

स्प्रेगने पहिल्या काही मिनिटांत जे हुकूम दिले ते पाहण्यासारखे आहेत, कारण त्यांत वीरश्रीचा लवलेश नाही. सगळ्यांनी धूर सोडा. वाऱ्यात शिरून असतील नसतील ती विमाने उडवा, त्यांच्या पोटाला काय टांगले आहे ते पाहत बसू नका. जवळच्या पावसाच्या सरीत घुसा. आसपासच्या दलांना उघड शब्दांत मदतीसाठी हाका मारा. आणि सर सरू लागली तेव्हा दिशा बदलून दक्षिणेकडे वळा, म्हणजे मदत जवळ येईल आणि शत्रूला बाहेरच्या, लांब वर्तुळावरून यावे लागेल. हे सगळे मिनिटे कमावण्याचे हिशेब आहेत. मग विनाशिकांना पाणतिरांचा हल्ला करण्याचा हुकूम सुटला. पण तो सुटण्याआधीच एक विनाशिका निघाली होती.

ती 'जॉन्स्टन'. कप्तान अर्नेस्ट इव्हान्स, ओक्लाहोमाचे, मूळ अमेरिकन वंशाचे. वर्षापूर्वी जहाज सेवेत दाखल होताना त्यांनी खलाशांना सांगून ठेवले होते की हे जहाज संकटाच्या तोंडी जाणार, ज्याला हे पटत नसेल त्याने आत्ताच उतरावे. हे वाक्य इतक्यांदा उद्धृत झाले आहे की त्यापलीकडचे काही सांगण्याचे भान राहत नाही. ते असे: इव्हान्स धावले ते कशावर? समोरच्या सर्वांत मोठ्या जहाजावर नव्हे. क्रूझरांच्या आघाडीच्या रांगेतली पहिली, 'कुमानो', त्यांनी निवडली, कारण विमानवाहूंच्या अंगावर सर्वांत आधी तीच पोचणार होती. वाटेत दोनशेहून अधिक गोळे झाडत, सुमारे नऊ किलोमीटरवर पोचून त्यांनी दहाच्या दहा पाणतीर सोडले आणि धुरात माघारी वळले. 'कुमानो'चे पुढचे टोक उडाले. ती रांगेबाहेर पडली, आणि तिच्यावरच्या दलप्रमुखाला उतरवून घेण्यात विमानांच्या माऱ्याने आधीच मंदावलेली 'सुझुया' गुंतली. म्हणजे विनाशिकेच्या एका फेरीने पाठलागाच्या टोकाशी असलेल्या दोन क्रूझर खेळातून बाद झाल्या. त्यानंतर 'जॉन्स्टन'वर मोठ्या तोफांचे गोळे आदळले, वीज गेली, वेग निम्म्यावर आला, इव्हान्सच्या डाव्या हाताची दोन बोटे तुटली. पुढच्या दीड तासातले एक दृश्य मात्र जवळून पाहण्यासारखे आहे. सुकाणू वळवणारी यंत्रे बंद पडली होती. जहाजाच्या पोटात खलाशी हाताने सुकाणू फिरवत होते. जहाजाचा ब्रिज मोडलेला, म्हणून कप्तान पिछाडीला आले, जाळीचे झाकण उघडून वाकले आणि खालच्या माणसांना ओरडून 'डावीकडे', 'उजवीकडे' सांगू लागले. अशा अवस्थेतल्या जहाजाने, एकही पाणतीर शिल्लक नसताना, बाकीच्या विनाशिकांबरोबर पुन्हा फेरी मारली. का? समोरच्याला पाणतीर संपल्याचे कुठे माहीत होते?

इथेच माझा मुद्दा आहे. पाणतीर हे लहान जहाजाचे असे एकमेव हत्यार होते की ज्याला युद्धनौकाही घाबरायची, आणि त्याचा अर्धा मारा स्फोटाआधीच होतो: पाण्यात रेषा दिसली की कप्तानाला जहाज वळवावेच लागते. 'होएल' आणि 'हीरमन' या विनाशिकांच्या हल्ल्यात याचा कळस झाला. 'यामाटो' पाणतिरांच्या दोन समांतर रेषांमध्ये सापडली आणि त्यांच्याच दिशेने, म्हणजे लढाईकडे पाठ करून, सुमारे दहा मिनिटे उत्तरेला पळत राहिली, 'नागाटो' ही युद्धनौकाही तिच्याबरोबर. एकही पाणतीर 'यामाटो'ला लागला नाही. पण कुरिता त्याच जहाजावर होता. त्या दहा मिनिटांनंतर त्याच्या डोळ्यांसमोरून लढाई नाहीशी झाली, आणि उरलेल्या सकाळी तो धुराच्या पलीकडून येणाऱ्या अर्धवट निरोपांवर विसंबून राहिला. 'होएल' चाळीसहून अधिक गोळे खाऊन बुडाली. हिशेबाच्या वहीत मात्र तिच्या नावावर जगातली सर्वांत मोठी युद्धनौका आणि तिच्यावरचा सेनापती लढाईतून बाहेर घालवल्याची नोंद करावी लागेल.

यावर पहिला आक्षेप येतो तो विमानांचा, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. जपानच्या ज्या तीन जड क्रूझर त्या दिवशी बुडाल्या, 'चोकाई', 'चिकुमा' आणि 'सुझुया', त्यांच्या नाशात विमानांचा वाटा मोठा आहे. टॅफी-१ आणि टॅफी-२ या शेजारच्या दलांतूनही विमाने धावून आली होती. मग विनाशिकांच्या झुंजीला एवढे श्रेय कशाला? मला वाटते, हा प्रश्न घावांच्या मोजणीत अडकतो. पहिल्या तासात उडालेल्या विमानांवर जहाजे बुडवण्याजोगे फारसे काही नव्हतेच: पाणबुड्यांसाठीचे बाँब, जमिनीवरच्या माऱ्याचे हलके बाँब, काहींवर तेही नाहीत. दारूगोळा संपल्यावर वैमानिकांनी रिकाम्या विमानांनी जहाजांवर सूर मारले, कारण खाली तोफ सांभाळणाऱ्याला मान खाली घालावीच लागते. विमानांनी हे जे केले ते आणि 'जॉन्स्टन'ने पाणतीर नसताना केलेली फेरी, या दोन्हींत फरक काय? दोन्हीकडे शस्त्र एकच होते, शत्रूची भीती. विमानांना पुन्हा भरून, नीट शस्त्रे घेऊन परतायला जो तास लागला, तो तास विनाशिकांनी दिला.

दुसरा आक्षेप अधिक मर्मावर बोट ठेवतो. कुरिता माघारी गेला तो त्याच्या चुकांमुळे, असे म्हणतात. लढाईला तोंड फुटले तेव्हा त्याचा ताफा रात्रीची रचना मोडून विमानांशी लढण्याची वर्तुळाकार रचना करत होता. त्याच घोळात त्याने 'ज्याने त्याने हल्ला करावा' असा हुकूम दिला आणि तेवीस जहाजांचे तेवीस स्वतंत्र बेत झाले. छोट्या विमानवाहूंना त्याने मोठ्या समजले, विनाशिकांना क्रूझर. चिलखत भेदणारे गोळे पत्र्याच्या डब्यासारख्या जहाजांतून न फुटता आरपार गेले. तो दोन दिवस झोपला नव्हता, एकदा समुद्रात पोहला होता. हे सगळे खरे आहे. पण चूक आणि चुकीचा फायदा उठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धूर नसता तर जहाजे किती लहान आहेत हे दहाव्या मिनिटाला कळले असते. चार विनाशिका क्रूझरांच्या रांगेवर चालून आल्या नसत्या, तर त्यांना क्रूझर समजायचे कारण पडले नसते. एवढ्याशा जहाजांनी असा हल्ला करावा हे कुरिताच्या अंदाजात बसेना, म्हणून त्याने जहाजांचा आकार वाढवून अंदाज जुळवून घेतला. आणि गंमत अशी की ९ वाजून ११ मिनिटांनी त्याने उत्तरेकडे जमण्याचा हुकूम दिला, तेव्हा त्याच्या 'टोने' आणि 'हागुरो' या क्रूझर विमानवाहूंच्या अगदी जवळ येऊन भिडल्या होत्या. जवळ असणाऱ्यांना विजय दिसत होता, सेनापतीला दिसत नव्हता. कारण सेनापतीला त्या दहा मिनिटांनी दूर नेऊन ठेवले होते. युद्धानंतर कुरिताने माघारीची कारणे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी दिली. थकवा हेही त्यांतले एक. थकलेल्या माणसाला गोंधळात पाडणे सोपे असते हे कबूल. पण गोंधळात पाडणारा कोणीतरी लागतो.

तिसरा आक्षेप घेणारे म्हणतात की लेटेच्या आखातात कुरिताला फारसे मिळालेच नसते: बरीच मालवाहू जहाजे रिकामी झाली होती आणि अमेरिकन ॲडमिरल ओल्डेनडॉर्फच्या जुन्या युद्धनौका तिथे होत्या. असेल. मात्र त्या युद्धनौका आदल्या रात्रभर सुरिगावच्या सामुद्रधुनीत लढल्या होत्या. शिवाय किनाऱ्यावर फौज होती, तिचा साठा उघड्यावर रचलेला होता. कुरिता पोचला असता तर युद्धाचा निकाल फिरला नसता हे मलाही मान्य आहे. एवढेच की खिंडीच्या मागे राज्य असावे लागत नाही, त्या दिवशी वाचवण्यासारखी माणसे असली तरी पुरते. टॅफी-३ च्या पाठीशी तर सर्वांत आधी स्वतःचीच विमानवाहू जहाजे होती. सहांपैकी 'गॅम्बिअर बे' तोफांनी बुडाली. उरलेल्या पाच तोफांच्या माऱ्यातून सुटल्या. ('सेंट लो' त्याच दिवशी, दीड-दोन तासांनी, आत्मघातकी विमानाच्या धडकेने बुडाली. कामिकाझेंचा तो पहिला मोठा बळी. पण ती हकीकत वेगळ्या प्रकरणात आहे.)

धैर्य आणि खिंड यांतला फरक मात्र अमेरिकनांकडे पाहून तितका कळत नाही, जितका जपानी बाजूकडे पाहून कळतो, आणि या लढाईवरच्या लेखनात हाच भाग उपेक्षित राहतो. त्याच चोवीस तासांत, दक्षिणेकडून लेटेच्या आखातात शिरायचे काम असलेला जपानी सेनापती निशिमुरा आपल्या दोन जुन्या युद्धनौका आणि मोजकी जहाजे घेऊन सुरिगावच्या अरुंद पाण्यात शिरला. पुढे सहा युद्धनौकांची आडवी फळी उभी आहे, आपला निभाव लागणार नाही, हे बहुधा त्याला कळत होते. त्याच्या दलातली एकच विनाशिका वाचली. धैर्यात तो इव्हान्सपेक्षा कुठे कमी होता? पण त्याच्या मरणाने कुरितासाठी एक मिनिटही कमावले नाही, कारण दोघांच्या वेळा जुळल्याच नाहीत. ओझावाची गोष्ट याच्या अगदी उलट. त्याच्याकडे चार विमानवाहू नौका होत्या आणि विमाने उणीपुरी शंभराच्या आसपास. तो मुद्दाम दिसला, मुद्दाम मागे लागू दिले, आणि चारही विमानवाहू गमावल्या. हॅल्सी त्याच्या मागे गेला. काम चोख झाले. सगळ्या लेटेच्या लढाईत शब्दशः खिंड कोणी लढवली असेल तर ती ओझावाने. फक्त विशाळगडावर कोणी पोचले नाही. त्याने विकत घेतलेली सकाळ कुरिताने समारसमोर उधळली, आणि ती उधळायला लावली टॅफी-३ ने. एका खिंडीची कमाई दुसऱ्या खिंडीने खाल्ली, असे युद्धाच्या इतिहासात फार वेळा घडले नसावे.

'यामाटो'चा शेवटही याच तराजूत तोलायला हवा. ६ एप्रिल १९४५ ला ती नऊ जहाजांसह ओकिनावाकडे निघाली, वर विमानांचे छत्र नाही, परतण्याची अपेक्षा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती सुमारे तीन हजार माणसांसह तळाशी गेली. अमेरिकनांची दहा विमाने पडली. तिच्यावरचे खलाशी भ्याड होते असे कोणी म्हणणार नाही. पण त्यांच्या पाठीमागे कोणतीही वाट नव्हती, जिच्यावरून कोणी सुखरूप जाणार होते. त्यांना पाठवणाऱ्यांना आरमाराची अब्रू वाचवायची होती. अब्रूसाठी माणसे मारणे आणि माणसांसाठी माणसे मरणे यांना आपण सर्रास एकच शब्द वापरतो, 'बलिदान'. तिथे भाषा आपल्याला फसवते. या बाबतीत 'खिंड' हा शब्द जास्त प्रामाणिक आहे.

समुद्रावर हा हिशेब समजणारे टॅफी-३ पहिले नव्हते. मुंबई-लंडन टपालाच्या वाटेवर एकेकाळी फेऱ्या मारणारे 'रावळपिंडी' हे प्रवासी जहाज नोव्हेंबर १९३९ मध्ये तोफा चढवून गस्तीवर असताना 'शार्नहोर्स्ट' आणि 'ग्नाइझेनाऊ' या दोन जर्मन युद्धनौकांच्या तावडीत सापडले. बुडण्याआधी त्याने शत्रू कुठे आहे एवढे कळवले, आणि तेच त्याचे काम होते. वर्षभराने 'जर्व्हिस बे'चे कप्तान फेगन 'ॲडमिरल शेअर'वर चालून गेले ते काफिल्यातल्या सदतीस जहाजांना पांगायला अवधी मिळावा म्हणून. जर्मनांच्या हाती त्यांतली पाचच लागली. हिंदी आरमाराची छोटी 'बेंगॉल' नोव्हेंबर १९४२ मध्ये 'ओंदिना' या डच तेलवाहू जहाजासोबत येत असताना दोन जपानी सशस्त्र जहाजांसमोर उभी ठाकली. तिने तेलवाहूला वाट सुधारायला सांगून स्वतः अंगावर चाल केली. त्या झटापटीत शत्रूचे 'होकोकू मारू' बुडाले आणि दोन्ही लहान जहाजे बंदरात पोचली. इतके कमी लोक ही गोष्ट जाणतात की तिच्यावर मराठीत एक स्वतंत्र पुस्तक व्हायला हरकत नाही.

असा हिशेब मांडला की शौर्य कारकुनी होते, असा एक हळवा आक्षेपही येतो. मला उलट वाटते. आंधळ्या आवेशाला दहा मिनिटे पुरतात. अडीच तास टिकायला नीट केलेले काम लागते. 'सॅम्युअल बी. रॉबर्ट्स' ही सर्वांत छोट्या विनाशिकांपैकी एक. कप्तान रॉबर्ट कोपलँड मूळचे वकील. त्यांनी ध्वनिक्षेपकावरून सरळ सांगितले की ही लढत अशी आहे जिच्यातून वाचण्याची आशा धरता येणार नाही, जमेल तेवढे नुकसान करू. त्यानंतर कोणी घोषणा दिली नाही. यंत्रखान्यातल्या माणसांनी सुरक्षा झडपांची पर्वा न करता चोवीस नॉटच्या जहाजाला अठ्ठावीसच्या वर पळवले. दोन पाच इंची तोफांनी ६५० पैकी ६०८ गोळे झाडले, त्यांत अंधारात उजेड पाडणारे गोळेही होते, कारण दुसरे संपले होते. मागच्या तोफेवर पॉल कार नावाचा तरुण तोफची होता. प्रत्येक बारानंतर नळीतली जळती राख हवेच्या झोताने बाहेर फेकणारी यंत्रणा वीज गेल्याने बंद पडली. तशा तोफेत नवा गोळा घालणे म्हणजे चुलीत सुतळी बाँब ठेवणे. त्याच्या माणसांना हे माहीत होते. त्यांनी काही गोळे तसेच झाडले, आणि एक आतच फुटला. मदतीला आलेल्यांना कार सापडला तो शेवटचा, सुमारे पंचवीस किलोचा गोळा कवटाळून. अंग फाटलेले, आणि हा गोळा भरायला हात लावा म्हणून विनवणी. यातला कोणता भाग कारकुनी? गोळे मोजणे की तो कवटाळणे? मला तरी दोन्ही एकाच माणसाची एकच कृती वाटते. २०२१ मध्ये पाणबुडी-यान 'जॉन्स्टन'च्या अवशेषांपर्यंत, सुमारे साडेसहा हजार मीटर खोल, पोचले तेव्हा पुढच्या बाजूला ५५७ हा क्रमांक स्वच्छ वाचता येत होता आणि मधल्या पाणतीर-नळ्या रिकाम्या होत्या.

शेवटचा आक्षेप माझाही आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त तो नोंदवून ठेवायचा आहे. अशा झुंजीची गाथा वरच्या अधिकाऱ्यांना फार सोयीची असते. हॅल्सी ॲडमिरल निमिट्झच्या हाताखाली, किंकेड मॅकआर्थरच्या. एकमेकांशी बोलायचे तर निरोप मानुस बेटावरच्या केंद्रातून फिरून, तासन्‌तास उशिरा जाणार. एका समुद्रात दोन ताफे आणि दोघांचा मिळून एक धनी नाही, या व्यवस्थेने ती सामुद्रधुनी उघडी टाकली होती. इव्हान्स यांना मरणोत्तर सर्वोच्च पदक मिळाले, दलाला राष्ट्राध्यक्षांचे मानपत्र मिळाले, आणि कौतुकाच्या त्या गजरात चौकशीचा आवाज दबला. त्याच गलथानपणाचा दुसरा हप्ता बुडालेल्या जहाजांच्या खलाशांनी फेडला. विमानांनी त्यांची जागा कळवली ती चुकीची, आणि शोध नको तिथे झाला. दोन दिवस आणि दोन रात्री माणसे तराफ्यांना धरून तरंगत होती. तेल डोळ्यांत, शार्क पायांशी, खारे पाणी प्यायलेली माणसे भ्रम होऊन दूर पोहत गेली. 'जॉन्स्टन'च्या ३२७ पैकी १४१ वाचले, आणि गेलेल्यांतले कित्येक गोळ्यांनी नव्हे, वाट पाहून गेले. त्यांना शोधून काढले ते कोणत्या मोठ्या जहाजाने नाही, तर आखातातून निघालेल्या मूठभर किनारी बोटींनी. तेलाने काळ्या पडलेल्या या माणसांवर बोटीवाल्यांचा विश्वास बसेना. जपानी असले तर? म्हणून बंदुका रोखून त्यांनी विचारले, यंदाची बेसबॉलची वर्ल्ड सिरीज कोणी जिंकली? वाचलेल्यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार पाण्यातून एक सणसणीत शिवी आली आणि तिच्या पाठोपाठ उत्तर: सेंट लुईस.